मंगळवारची पानं

येस्परने हात पुढे केला, रेश्माने सवयीने तो हातात घेतला, आणि तो ओला आहे हे तिला उशिरा कळलं. नुसता ओला नव्हे. तांदळाच्या उकडीचा कोमट, चिकट लगदा त्याच्या बोटांच्या बेचक्यांत होता आणि हात दाबल्याबरोबर तो तिच्या तळव्यावर आला. "सॉरी ताई," तो म्हणाला आणि मोकळेपणाने हसला. त्याची पाळी नसतानाही भोजनगृहात हौसेने भाकऱ्या थापता थापता तो तसाच उठून ऑफिसात आला होता. साडेपाचला ऑफिस बंद होतं आणि त्याला वही आजच द्यायची होती. मनगटापर्यंत पांढरं पीठ, पिठातून वर आलेले सोनेरी केस, नखांच्या कडेने वाळून बसलेल्या पांढऱ्या रेघा. वहीला मात्र त्याने पिठाचं बोट लागू दिलं नव्हतं. ती त्याने काखेत धरून आणली होती. काखेतून काढून त्याने ती टेबलावर ठेवली तेव्हा पुठ्ठ्यावर घामाचा एक लांबट डाग होता. प्रत्येक पानावर शिक्का आणि सही लागेल, तो सावकाश इंग्रजीत म्हणाला. चार महिन्यांचे सगळे तास त्यात आहेत, एकही चुकवलेला नाही. मग "येतो" हा नवा शिकलेला शब्द म्हणून तो गेला. रेश्मा हात हवेत धरून बसून राहिली.

बेसिनशी जाऊन तिने साबण लावला, पण तांदळाचं पीठ पाण्याने आधी बुळबुळीत होतं आणि मग पसरतं. अंगठीच्या खाली गेलेलं तर निघालंच नाही. ते तिथे वाळत राहिलं आणि ती टाइप करू लागली की कातडी ओढल्यासारखी वाटे. हाताला काही लागलेलं तिला लहानपणापासून खपत नसे. चिखल, शेण, लोणच्याचा खार, तान्ह्या पोराची लाळ, काहीही. बाकीच्या पोरी शेतातून आल्या की ओढ्यावर पाय बुडवून मोकळ्या होत, ही नखं नखांनी कोरत बसे. घरच्यांनी तिला टायपिंगला घातलं ते तिची हुशारी पाहून, असं ती नंतर सगळ्यांना सांगे. खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. ज्या कामाने हात कोरडे राहतात असं काम तिला हवं होतं. कागद कोरडा असतो. कागदाला वास येतो तो फक्त जुनेपणाचा. नऊ वर्षं ती या खुर्चीवर बसत होती आणि नऊ वर्षं तिचे हात कोरडे होते.

मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना डाव्या हाताला संस्थेचं फाटक लागे. शेतीचं शिक्षण देणारी निवासी संस्था, शंभर-सव्वाशे मुलं, दोन वसतिगृहं, एक भोजनगृह. तीन वर्षांपूर्वी संचालक बिवलकर सरांनी डेन्मार्कच्या एका विद्यापीठाशी देवाणघेवाणीचा करार केला. इथली दोन मुलं तिकडे जायची, तिकडची चार इथे यायची. येस्परसकट या वर्षीची चौघं ऑगस्टात आली तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या विद्यापीठाचा एक नवा कागदही आला. परदेशी विद्यार्थ्याला यजमान संस्थेच्या आवारात आठवड्याला दहा तास काम करता येईल, त्याचे त्याला अभ्यासात गुणही मिळतील. पण कामाचा पहिला तास सुरू होण्याआधी संस्थेची लेखी परवानगी हवी, काम कोणतं ते लिहिलेलं हवं, आणि शेवटी प्रत्येक तासावर शिक्का हवा. आणि चौघांच्या पासपोर्टांवर चिकटवलेल्या व्हिसात स्पष्ट छापलं होतं की या माणसाला भारतात कोणतंही काम करण्यास मनाई आहे. बिवलकर सरांनी दोन्ही कागद तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले होते.

"परवानगी तर द्यायचीय," सर म्हणाले. "पण उद्या ठाण्याच्या कुठल्या कचेरीत कुणी ती उघडून वाचली तर ती परवानगी वाटता कामा नये. जमेल?"

"बघते सर."

"तुम्हालाच जमेल. इथे बाकीच्यांना अर्ज लिहिता येतो, रेश्माताई. तुम्हाला वाक्य लिहिता येतं."

जेवणाच्या सुट्टीनंतर तिला ते सुचलं. सदर विद्यार्थी भोजनगृहात देत असलेला वेळ हा रोजगार नसून शिक्षणाचा भाग आहे. त्याबद्दल कोणताही मोबदला दिला जाणार नाही. तसेच त्यामुळे संस्थेतील कोणत्याही व्यक्तीच्या कामाची जागा घेतली जाणार नाही. शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. पण दोन वाक्यांवर पत्र उघडं राहिल्यासारखं वाटत होतं, तिसऱ्याने त्याला कडी लागली. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि "वा" म्हणाले. त्या संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसून ती ते वाक्य मनात म्हणत होती. इतकं नीट बसलेलं वाक्य आपण याआधी लिहिलं नव्हतं, असं तिला वाटत होतं. पुढच्याच आठवड्यात सरांनी तिला पुन्हा बोलावलं. चार मुलं, दहा दहा तास, मग आज थोडे उद्या थोडे असं कशाला, त्यांना मंगळवार देऊन टाका. मंगळवारचं भोजनगृह मुलं चालवतील, स्वयंपाकाच्या तिघी बायकांना त्या दिवशी सुट्टी. त्यांनाही आराम. "पगारी?" असं रेश्माने विचारलं होतं, विचारलं नव्हतं असं नाही. "रोजंदारीला पगारी सुट्टी कुठे असते," सर म्हणाले, आणि त्यात काही चूकही नव्हतं. त्या दिवसापासून दर मंगळवारी हजेरीपटावर तीन नावांपुढे तांबड्या शाईने 'सु' लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं. कपाटाच्या वरच्या खणात तिचं पत्र होतं की कुणाच्याही कामाची जागा घेतली जाणार नाही. खालच्या खणात तिच्याच हातचा हजेरीपट होता. दोन्हींत एका फळीचं अंतर होतं. ते तिच्या लक्षात आलं होतं. दातात शेंगेची शीर अडकावी तसं ते काही दिवस जाणवलं, मग जाणवेनासं झालं.

त्या तीन नावांतलं पहिलं नाव सकुबाईचं. रेश्माच्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, माहेरी भिंतीला भिंत लागून घर. भोजनगृह सुरू झालं त्या दिवसापासून ती तिथल्या चुलीपुढे होती, आणि ऑफिसात टायपिस्ट हवी आहे ही बातमी तिनेच आणली होती. नुसती बातमी आणली नव्हती, बिवलकर सरांना चहा नेऊन देताना दारात उभी राहून ती म्हणाली होती, आमच्यात एक पोर हाय, तिला मशीन येते, तिला घ्या, नाय चांगली निघाली तर मलापण काढा. रेश्माला हे सरांनीच पुढे कधीतरी हसत हसत सांगितलं. सकुबाईने कधी त्याचा उच्चार केला नाही.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी परदेशी मुलांच्या खोल्यांत सह्यांचे कागद ठेवायला रेश्मा त्यांच्या वसतिगृहात गेली होती. पॅसेजच्या टोकाला संडास-न्हाण्या होत्या आणि तिथून ॲसिडचा वास येत होता. झाडूवाला मे महिन्यात सोडून गेल्यापासून तिथे कुणी नीट हात लावला नव्हता. रेश्मा नाकाला पदर लावून पुढे गेली आणि दारातच थांबली. सकुबाई उकिडवी बसून, लुगडं गुडघ्यांवर खोचून, नारळाच्या काथ्याने संडासाचं भांडं घासत होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत आत होता.

"काकी, आज तुझी सुट्टी ना?"

"हाय ना."

"मग इथं काय करतेस?"

"दिसत नाय? संडास धुते." मग हात बाहेर काढून, मागे वळून न बघता, "ती पोरं माजा दिवस भरतात गो. बापजन्मात पीठ मळलं नसंल त्यांनी, माज्या चुलीपुढं घामाघूम होतात. मी घरी बसून काय करू? त्यांनी माजा दिवस भरला, मी त्यांचा भरते. सावड हाय ती."

"अगं, ही सावड नाही. ते त्यांच्या अभ्यासासाठी करतात. तुला कुणी सांगितलं हे?"

"सावडीला सांगायला लागतं काय?"

"आणि बाकीच्या दोघी? कमळ, बाईजा? त्या कुठे आल्यात?"

"त्यांना लाज नाय, त्याला मी काय करू," सकुबाई म्हणाली आणि हसली. "हो तिकडं. शिंतोडं उडतील. चिखलात पाय घालायचा तर रडायचीस तू, मला म्हाईत नाय काय."

रेश्मा मागे सरली. खरोखरच शिंतोडे उडत होते. सावड म्हणजे काय हे तिला कुणी समजावण्याची गरज नव्हती. लावणीच्या दिवसांत आज आमच्या शेतावर सगळ्या, उद्या तुमच्या. पैसा नाही, लिहिणं नाही, दुपारचं जेवण ज्याचं शेत त्याचं. आलेला दिवस फेडायचा असतो, आणि तो मोडला असं सांगत कुणी गावात राहिलेलं नाही. ती अकरा वर्षांची असताना आई तापाने पडली होती आणि सकुबाईच्या शेतावरचे दोन दिवस द्यायचे राहिले होते. आईने तिला पाठवलं. ती सकाळपासून बांधाच्या कडेकडेने एकेक रोप दोन बोटांच्या चिमटीत धरून लावत होती, आणि दुपार व्हायच्या आधीच पायाच्या बोटांमध्ये काहीतरी मऊ लागलं म्हणून पाहिलं तर जळू. फुगलेली, काळी, तिच्याच रक्ताने जड झालेली. ती ओरडलीही नाही, तिला कोरडी ओकारी आली. सकुबाईने गाळातून येऊन जळू दोन बोटांनी ओढून काढली, जखमेवर मिश्रीची चिमूट दाबली आणि पोरीला बांधावर बसवून ठेवलं. संध्याकाळी तिच्या आईला निरोप पाठवला तो असा, की पोरीने पुरे दोन दिवस भरले, आता काही राहिलं नाही. रेश्माने अर्धा दिवसही भरला नव्हता. त्या निरोपाचं तिला त्या वयात फार बरं वाटलं होतं. मोठेपणी तो आठवला की मात्र तळपायाच्या त्या जागी काहीतरी चिकटल्यासारखं होई.

आता डिसेंबर होता. येस्परची वही पुढ्यात होती, अंगठीखालचं पीठ वाळलं होतं. तिने शिक्के मारायला सुरुवात केली. तो फार नेटका मुलगा होता. प्रत्येक पानावर वर तारीख, डाव्या बाजूला घड्याळाची वेळ, उजव्या बाजूला काय केलं ते. ती न वाचता शिक्का मारत गेली आणि पहिल्या मंगळवारच्या पानावर तिला देवनागरी अक्षरं दिसली. इंग्रजी ओळीच्या मधोमध, वाकड्या, काळजीपूर्वक काढलेल्या अक्षरांत, 'सकुबाई'. मग तिने वाचलं. आज आम्ही सकुबाईच्या जागी काम केलं म्हणून तिने आमचे संडास आणि न्हाणीघरं धुतली, पॅसेज झाडला. सकाळी आठ ते दुपारी दोन. मी नको म्हटलं. ती म्हणाली, हा इथला कायदा आहे. सुंदर कायदा. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच, आठ ते दोन, आणि खाली एक ओळ, की तिने आज माझी जीन्सही धुतली आणि ती इतकी जड कशी म्हणून हसली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. रेश्माला पहिल्यांदा किळस आली ती त्या 'सुंदर' शब्दाची. हा पोरगा आपला संडास एका पन्नाशीच्या बाईकडून धुऊन घेत होता, मनगटावरच्या घड्याळात तिचे तास बघत होता आणि रात्री खोलीत बसून त्याला सुंदर म्हणत होता. मग तिने मंगळवार मोजले. सतरा होते.

सतरा म्हणजे काय हे संस्थेत तिच्याइतकं नेमकं कुणालाच कळलं नसतं. स्वयंपाकाच्या तिघींनी आपल्याला कायम करावं म्हणून ठाण्याच्या कामगार न्यायालयात अर्ज लावला होता. मुरबाडचा युनियनवाला धर्मा त्यांच्यामागे उभा होता. वर्षात दोनशे चाळीस दिवस कामाचे भरले पाहिजेत, हा सगळा वाद तेवढ्यावर होता. कमळ आणि बाईजा बऱ्याच मागे होत्या, पण सकुबाईचा अर्ज टिकला तर त्यांना निदान दार उघडणार होतं. संस्थेने सादर केलेल्या हजेरीपटात सकुबाईचे दिवस दोनशे अठ्ठावीस झाले होते. बारा कमी. तो हजेरीपट रेश्मानेच लिहिला होता, झेरॉक्सही तिनेच काढली होती. शिवाय संस्थेच्या वकिलाने उत्तराला तिचं ते पत्र जोडलं होतं, शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढून. कुणाच्याही कामाची जागा घेतली गेलेली नाही, तेव्हा बायका मंगळवारी आल्या नाहीत त्या आपल्या मर्जीने. ती रेघ पाहिली त्या दिवशी रेश्मा जेवली नव्हती. आणि आता हे. दोनशे अठ्ठावीस आणि सतरा. संस्थेच्याच इमारतीतलं काम, तारखेसकट, वेळेसकट, परक्या देशातल्या एका माणसाच्या हातचं, ज्याचं यात काही देणंघेणं नाही. मान्य होईलच असं नाही, पण नाही म्हणणंही कुणाला सोपं जाणार नाही. पुढची तारीख मंगळवारीच होती, चार दिवसांवर. तिने उरलेल्या पानांवर शिक्के मारले नाहीत. वही उचलली आणि ती सरांकडे गेली. धर्माकडे न जाता सरांकडे का गेलो, याचं उत्तर तिने स्वतःला त्या दिवशी असं दिलं की वही ऑफिसची आहे.

सरांनी चार पानं वाचली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ते शिव्या देतील, घाबरतील, निदान उठून दार लावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त पंखा एकावर आणला, पानं उडत होती म्हणून.

"पोरगं भावनेच्या भरात लिहितं," ते म्हणाले. "त्याच्या विद्यापीठाला आपल्या संडासाशी काय करायचंय? तुम्ही वही नीट टाइप करून घ्या. मंगळवारी दुपारी स्थानिक समाजाशी सांस्कृतिक संवाद. त्याची सही घ्या, शिक्के मारा."

"आणि ही पानं?"

"हस्ताक्षर कशाला ठेवायचं?" आणि लगेच, "पासपोर्टचं काय झालं तुमच्या? मार्चमध्ये इथल्या मुलांबरोबर एका समन्वयकाने जायचंय. मी तुमचं नाव कळवून टाकलंय."

त्या दोन वाक्यांमध्ये त्यांनी श्वासाइतकीही जागा सोडली नव्हती, आणि तरी ती शेजारी शेजारी ठेवली आहेत असं कुणाला सिद्ध करता आलं नसतं. रेश्माला त्यातली कारागिरी कळली. आपणही अशीच वाक्यं लिहितो हे कळलं. तिला त्यांच्या गुळगुळीत दाढीची, टेबलाच्या काचेखाली दाबलेल्या गणपतीच्या फोटोची, पंख्याच्या संथ फिरण्याची शिसारी आली, आणि त्याच वेळी मार्चमध्ये तिकडे बर्फ असतो का, हा प्रश्नही मनात येऊन गेला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारपर्यंत तिने वही टाइप केली. एकही चूक झाली नाही.

येस्परला सहीसाठी बोलावलं तेव्हा तिचा एक भाग त्याच्यावर भिस्त ठेवून होता. इतका नेटका मुलगा. एक तास इकडचा तिकडे लिहिणार नाही. तो नाही म्हणेल, मग प्रश्नच मिटला, मग आपण सरांना जाऊन सांगू की तो ऐकत नाही. त्याने पानं उलटली, बोट ठेवून ओळी वाचल्या.

"ताई, माझे मंगळवार कुठे गेले?"

"संवाद झाला असं लिहिलंय."

"पण तिने संडास धुतले."

"इथे तसं लिहीत नाहीत. पाहुण्याने घरातलं बाहेर सांगायचं नसतं."

त्याने मान वर केली. त्याचे डोळे फार फिके होते, पाण्यात धुतल्यासारखे. मग त्याने विचारलं, "माझे तास कमी होणार नाहीत ना?"

"नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि प्रत्येक पानावर सही केली. त्याच्या नखांत आज पीठ नव्हतं. रेश्माने शिक्के मारले. ओल्या शिक्क्यांवर टिपकागद दाबताना तिला वाटलं, या खोलीत दोन स्वच्छ हातांची माणसं बसली आहेत. वहीतून सुटी केलेली मंगळवारची मूळ पानं तिने फाडून टाकली नाहीत. फाडणं चूक आहे असं तिला मनापासून वाटलं. तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवली. न फाडल्याने आपण काहीतरी राखलं असं तिला फाटकापर्यंत वाटत राहिलं.

फाटकाशी सकुबाई उभी होती, मुरबाडच्या एसटीची वाट बघणाऱ्यांत नाही, तिचीच वाट बघत.

"वही आली काय गो तुज्याकडं? पोरानं दावली मला. माजं नाव लिवलंय त्यात, मी वळखलं. हजेरीवर सही करते तसंच, जरा लंगडं." ती खुशीत होती. "म्हणला सगळे मंगळवार हायत. मी धर्माला सांगितलं तर तो उडालाच. म्हणतो, मावशी, ती पानं मिळाली तर तुजं काम झालं. मी म्हटलं, आमची रेश्माच हाय तिथं, मिळायला काय झालं?"

एसटी आली. गर्दी हलली. म्हशाच्या जत्रेसाठी बैलांच्या घुंगुरमाळा घेऊन निघालेले दोघं दारातच अडले होते आणि कंडक्टर त्यांच्यावर खेकसत होता.

"देशील ना?"

"देते," रेश्मा म्हणाली. पाय फुटबोर्डावर ठेवताना माणूस जितक्या सहज काहीही म्हणतो तितक्या सहज.

मुरबाडच्या स्टँडमागे नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा आदेश राहत. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नऊला, बेल वाजली. आदेशने दार उघडलं आणि आत येऊन हळूच म्हणाला, "तुझी काकी आलीय. काथ्या, झाडू, सगळं घेऊन. पाहुणी आहे का धाड?"

"पाहुणी नाय जावईबापू, कामाला आले," सकुबाई आतूनच ऐकल्यासारखी म्हणाली. चप्पल बाहेर काढून ती थेट मोरीकडे वळली होती. "हिनं माजं काम केलं, मी हिचा दिवस भरते. शेत नाय तुमाला तर मी काय करू? जे हाय ते धुते."

"काकी, नको. खरंच नको," रेश्मा म्हणाली.

"का?"

एवढाच प्रश्न होता. रेश्मा मोरीच्या दारात उभी होती आणि त्या प्रश्नाचं एकच उत्तर तिच्याजवळ होतं. सकुबाईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, उत्तराची गरज नाही असं ठरवलं आणि लुगडं वर खोचलं. "तू बस. तुला शिंतोडं चालत नाय."

मग रेश्मा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसली. काथ्या फरशीवर घासल्याचा आवाज येत होता, एका लयीत, लांबलचक, मध्ये पाण्याचा सपकारा, पुन्हा तीच लय. टाइल्सच्या फटींतला काळपटपणा, जो घर घेतल्यापासून तिथे होता आणि ज्याकडे ती रोज आंघोळीच्या वेळी न बघण्याचा प्रयत्न करी, तो निघत असणार. आपली घाण दुसऱ्याच्या नखांत जाते आहे, आणि ती निघते आहे याचं आत कुठेतरी बरंही वाटतं आहे. येस्परला असंच वाटलं असेल का? त्याला निदान सुंदर म्हणता आलं. पेपरात काय होतं ते तिला नंतर एक अक्षर आठवलं नाही. ती मनात वाक्य जुळवत होती. काकी, पानं सरांनी ठेवून घेतली. काकी, पानं आता चालणार नाहीत. काकी, मुलाने स्वतःच बदलली. प्रत्येक वाक्य नीट बसत होतं. कडीसकट.

"रेश्मा, इकडं ये गो."

सकुबाई स्वयंपाकघरात होती. ओट्याखालचा तांदळाचा मोठा डबा तिने एका बाजूला सरकवला होता आणि त्याच्याखालची प्लास्टिकची पिशवी तिच्या हातात होती. पिशवीतली पानं तिने बाहेर काढली होती. वरच्याच पानावर ती तीन-चार वाकडी अक्षरं. रेश्माच्या कानांत काहीतरी बंद झालं. बाहेर आदेशने लावलेला टीव्ही दूर गेला.

"हे माजं नाव," सकुबाई म्हणाली. तिने हात लुगड्याला दोनदा पुसले होते, तरी पानं ती कडेला चिमटीत धरून होती, भिजतील म्हणून. "अशी कशी गो तू शिकलेली? कागद कुणी डब्याखाली ठेवतं? इथं झुरळं हायत. हे बघ, लेंड्या. एका रातीत खातील सगळं." तिच्या आवाजात राग होता, पण तो पोरीच्या निष्काळजीपणाचा. ऑफिसात सापडायला नको म्हणून पोरीने घरी आणून लपवून ठेवलं, हे तिचं तिने आधीच समजून घेतलं होतं. "वर ठेव कुठंतरी. आन् मंगळवारी धर्माला सकाळीच दे. तो सातच्या गाडीनं जातो ठाण्याला. स्टँडवरच गाठ त्याला."

"हो," रेश्मा म्हणाली.

"पिऊन घे पाणी. तोंड का उतरलंय तुजं? काय होत नाय. तुजं नाव कुठं येणार नाय म्हणतो धर्मा."

रेश्माने पानं घेतली. स्टुलावर चढून तिने ती माळ्यावर ठेवली. माळ्यावर मार्चसाठी आदेशने आणलेली नवी निळी सुटकेस होती. पानं तिने आधी सुटकेसच्या वर ठेवली, मग मागे, भिंतीला लागून, जिथे स्टुलावरूनही हात पुरवावा लागतो तिथे सरकवली. खाली उतरली तेव्हा सकुबाई डब्याखालची जागा फडक्याने कोरडी करत होती.

सावडीत जेवण शेताच्या मालकाचं असतं. ते सकुबाईने मोडू दिलं नाही, पण करायला मात्र तीच बसली. "तुला भाकरी कुठं जमते," म्हणत तिने आधण ठेवलं, पिठाची उकड काढली, मळली. रेश्मा शेजारी उभी राहून बघत होती. गरम लगदा त्या हातांना चिकटत नव्हता. हात ओला करून एक फिरवणी, आणि गोळा सुटा. सकाळपासून ते हात मोरीत होते, झुरळांच्या लेंड्यांत होते, मग साबणाने धुतले होते, आणि आता तिच्या परातीत होते. हे सगळं रेश्माला एकाच वेळी दिसत होतं आणि ती ओट्यापासून एक पाऊल मागे सरली. पण हातांकडे बघायचं तिला थांबवता येईना. जेवताना तिने भात घेतला, भाकरीला हात लावला नाही. "पोट बरं नाही," ती म्हणाली, आणि सकुबाईने उरलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवल्या. तीनच्या सुमाराला ती निघाली. टोकावड्याच्या जीपपर्यंत रेश्मा तिला सोडायला गेली. जीपमध्ये मागच्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये स्वतःला बसवून घेत सकुबाई म्हणाली, "भरला माजा दिवस. आता तुजी पाळी," आणि पायाशी काथ्या नीट ठेवला. तो तिने विसरून जाऊ दिला नव्हता.

घरी आली तेव्हा आदेश खुर्चीवर पाय वर घेऊन झोपला होता. फरशी इतकी स्वच्छ होती की तिला चप्पल दाराबाहेर काढावीशी वाटली. मोरीच्या टाइल्स मूळच्या फिक्या हिरव्या होत्या, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. ती स्वयंपाकघरात गेली, दिवा न लावता उभी राहिली. वर माळ्याकडे तिने बघितलं नाही. मंगळवारी सातच्या आधी धर्मा स्टँडवर उभा असेल, इकडेतिकडे बघत असेल. संस्थेत जायला तिला स्टँडवरूनच गाडी मिळे, पण नाक्यावरूनही जीपा सुटत. थोडं चालावं लागेल इतकंच. मंगळवारी नाक्यावरून जायचं, एवढं तिने ठरवलं. ते ठरल्यावर सकाळपासून आपण धड काही खाल्लेलं नाही हे तिला जाणवलं. तिने टोपलीतलं फडकं बाजूला केलं. भाकऱ्या पांढऱ्या, पातळ, कडेपर्यंत सारख्या होत्या. तिने एक मोडली, उभ्यानेच, कशालाही न लावता तोंडात घातली. हाताला काही चिकटलं नाही. भाकरी चांगली झाली होती. तिने दुसरी घेतली.